आमंत्रण न स्वीकारणारे चौधरी सर

चौधरी सरांना जेवायला बोलावलं की ते येत नसत. न बोलावता मात्र हमखास येत, तेही ताटं वाढलेली असताना. ‘बोलावलं की घर खोटं बोलतं,’ असं त्यांचं म्हणणं. ‘पुरणपोळी नको, सकाळची भाजी उरलीय का ते सांगा,’ म्हणत.

सर सेलूच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवत. माणूस काय खातो आणि त्यावरून स्वतःला कोण समजतो, हा त्यांचा अभ्यास. मी एका दैनिकाचा वार्ताहर, त्यांच्या शेजारच्या खोलीत राहणारा. बाजारात ते अनोळखी माणसाच्या पिशवीत डोकावत, “अंबाडी? म्हणजे आज पाहुणे नाहीत,” म्हणत आणि पुढे जात. गल्लीतल्या बायका त्यांना पाहून पिशवी पदराखाली घेत.

ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. वर्गात पोरं आपापल्या वस्तीप्रमाणे बसत. त्यांना एकमेकांशी बोलतं करायला सरांनी उपाय काढला: काल रात्री घरी काय शिजलं, ते प्रत्येकानं सांगायचं. वालूरच्या दलित वस्तीतली शांता म्हणाली, भाकरी आन् ठेचा. मागच्या बाकावरून आवाज आला, “अजून काय काय शिजतं, ते बी सांग की.” वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून शांता कॉलेजात आली नाही.

रविवारी सर मला घेऊन वालूरला गेले. न कळवता, ऐन जेवणाच्या वेळी. असेल ते वाढा, असं त्यांनी शांताच्या आईला सांगितलं.

“आमच्यात पावन्याला रोजचं वाढत न्हाईत,” ती म्हणाली. “बसा गप.”

बराच वेळ बसवून तिनं गुळातल्या शेवया वाढल्या. सरांनी दोनदा मागून घेतल्या आणि कशाचीही चौकशी केली नाही. निघताना शांताला एवढंच म्हणाले, “उद्या ये. तुला काही विचारणार नाही.”

सोमवारी ती आली. सरांबरोबर गेलेला मी वर्गाच्या दाराशी उभा होतो.

“त्या दिवशी आधी मी सांगायला हवं होतं,” सर म्हणाले. “काल रात्री मुरमुरे. परवाही मुरमुरे. बायको गेल्यापासून माझा स्टोव्ह पेटलेला नाही.”

कुणी हसलं नाही. मग शांताच म्हणाली, “सर, असं न्हाई चालत. भाकरी शिका. लय सोपी हाय.”

मागच्या बाकावरच्या त्याच पोरानं सल्ला दिला, पीठ गार पाण्यात मळा. शांता वळली.

“गार पाण्यानं भाकर चिरती. थापलीस का कधी?”

त्यावर निम्मा वर्ग बोलायला लागला. कुणाची आई तीळ लावते, कुणाची लावत नाही. घंटा झाली तरी सर खुर्चीतून उठले नाहीत. पाणी किती तापवायचं, एवढंच विचारत होते.