नाचताना मान खाली

आमच्या माजलगावच्या गल्लीत वरात निघाली की पोरं मान खाली घालून नाचतात. नवख्याला वाटतं, ह्यांचं काहीतरी हरवलंय. तसं काही नाही. भास्करअण्णा आलेले असतात.

अण्णा माझे शेजारी. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं त्यांचं दुकान आहे, पण जीव सगळा वरातीत. आमंत्रण असो नसो, इस्त्रीचा सदरा घालून हजर! स्वतः कधी नाचत नाहीत. हाताची घडी घालून उभे राहतात आणि कोण कुणाकडं बघत नाचतंय ते हेरतात. "पाय बँडाचं ऐकतेत, नजर मनाचं. पायाकडं काय बघता?" हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

एकदा खताच्या दुकानातला संतोष नाचत होता. अण्णा माझ्या कानाला लागले, "रसवंतीपाशी हिरवी ओढणी हाय बघा. सोयरीक पक्की." सहा महिन्यांत पत्रिका आली की हो! माझ्या मेव्हण्याच्या लग्नात मीही चार उड्या मारल्या, तर म्हणाले, "तुमची नजर जेवणाच्या मांडवाकडं हाय." खोटं कशाला बोलू, तिकडंच होती.

परवा त्यांच्याच पोराची वरात होती. आज सोडायचं नाही म्हणून मी अण्णांना हात धरून नाचायला ओढलं. नेमका तेव्हाच बँड थांबला आणि त्यांच्या बायकोचं, शकुंतलावहिनींचं बोलणं सगळ्या वरातीनं ऐकलं.

"ऱ्हाऊ द्या वो भावजी. सोताच्या वरातीत एक पाऊल टाकलं न्हाई ह्यांनी. मी मनातच भरले नव्हते, दुसरं काय?"

वहिनी हसत बोलल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. तीस वर्षं बाईनं हे मनात धरलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णा सदऱ्याचं बटण चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, "नाचलो असतो तर समद्या गावाला दिसलं असतं."

"काय दिसलं असतं?"

"नजर. तुझ्यावरनं हटतच नव्हती. पार येडा झालतो मी. लई लाज वाटली."

बँडवाल्यानं कुणी न सांगता वाजवायला घेतलं आणि अण्णा मधे घुसले.

काय नाचले म्हणता! एक ठेका पायाला लागला नाही. घोडंसुद्धा दोन पावलं मागं सरलं. नजर मात्र एकाच जागी. आणि वहिनी लाल झालेलं तोंड पदरानं झाकत म्हणत होत्या, "असं बघू नका की वो, लोक हायेत!"