ठकूबाईची चांदणी आणि तिचा नवा डोळा

खडकओहोळ नावाच्या गावी एक ठकूबाई राहत होती, तिची सून सगुणा राहत होती आणि त्यांच्या घरची एक चांदणी राहत होती. दोघी खाली राहायच्या, चांदणी वर राहायची, एवढाच काय तो फरक. त्या गावात घरटी एक चांदणी असते. दिवेलागणीला घरातल्या वडील बाईनं अंगणात यायचं, आपल्या चांदणीकडं डोळे भरून बघायचं आणि मग चुलीकडं वळायचं. बघितलं की चांदणी तेवते. नाही बघितलं की मंदावते, आणि फारच दिवस गेले तर जी बाई नीट बघेल तिच्या घरावर जाऊन बसते. त्यात चांदणीचा काही दोष नाही. जिथं कुणी बघत नाही तिथं कोण थांबेल?

ठकूबाईला ती चांदणी सासूकडून आली होती. सासू हयात असेतो सुनेनं घरच्या चांदणीकडं मान वर करायची नाही, ही गावची रीत. त्यामुळं सगुणा संध्याकाळची खाली बघून चालायची आणि अधूनमधून म्हशीवर आदळायची. म्हशीलाही ते आता सवयीचं झालं होतं.

पुढं ठकूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. ती कुणाला बोलली नाही. नेमानं अंगणात येऊन उभी राहायची, मान वर करायची, पण बघायची भलतंच. टेकडीवर मोबाइलच्या टॉवरचा तांबडा दिवा आहे, त्यालाच ती चांदणी समजून बघत राहिली. सगळा पावसाळा असा गेला. टॉवरचा दिवा एवढा लखलखायला लागला की कंपनीची माणसं दोनदा येऊन वर चढून गेली. चांदणी इकडं वाळलेल्या शेंगेसारखी झाली.

गावाला दोन तलाठी आहेत, एक जमिनीचा आणि एक आभाळाचा. आभाळाचे तलाठी दिगंबर साळोखे एके दिवशी सायकल घेऊन दारात आले.

"ठकूबाई, तुमची चांदणी कललीय. बायजाबाईंच्या पत्र्याकडं झुकलीय."

"झुकंना का. पडली तर न्हाई न्हवं?"

"अवसेपर्यंत सरळ झाली नाही, तर बायजाबाईंच्या नावावर चढवावी लागेल. माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातात कधी काय होतं, भाऊसाहेब? च्या घ्या."

कुंपणापलीकडून शेजारची बायजा म्हणाली, "माझ्याकडं आली तर हेळसांड न्हाई व्हायची, आत्या. रोज बघीन. माझं डोळं अजून सुईत दोरा ओवत्यात."

"सुईतच ओव. माझ्या चांदणीत दोरा घालू नगंस."

ज्या घराला चांदणी नाही त्याला त्या गावात घर म्हणत नाहीत, खोली म्हणतात. खोलीत कुणी हळदीकुंकवाला येत नाही. सासूनं घर हाती दिलं आणि आपण सुनेच्या हाती खोली द्यायची, हे ठकूबाईला पटण्यासारखं नव्हतं. तिनं सगुणाला हाक मारली.

"सगुणे, माझं लुगडं काढ. डोळा कापायला जायचंय."

"आत्ता? अहो, पण भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय. म्हणून तर आत्ताच जायचं."

तालुक्याला डोळ्यांचं शिबिर होतं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विजेरी मारून बघितलं. म्हणाल्या, "आजी, चांगलाच पिकलाय. आधी उजवा करू. तुम्हाला जवळचं स्पष्ट दिसायला हवं की लांबचं? तांदूळ निवडता का?"

"तांदूळ सून निवडती. मला लांबचं द्या."

"किती लांबचं?"

"आभाळातलं. टेकडीच्या सोंडेवर, जरा डावीकडं."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "मग लांबचं भिंग घालते. वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, थेंब चुकवायचे नाहीत."

ठकूबाईनं एकही थेंब चुकवला नाही. वाकायचं नाही म्हटल्यावर चप्पलसुद्धा सगुणानं तिच्या पायात घातली.

अवसेच्या संध्याकाळी ती काळा चष्मा काढून अंगणात उभी राहिली. तलाठी आले होते. बायजा पत्र्याखाली पदर खोचून तयारच होती. ठकूबाईनं डावा डोळा मिटला आणि उजव्या, नव्या डोळ्यानं थेट वर बघितलं. तिला टेकडी दिसली, टेकडीवरचं गवत दिसलं, चांदणी दिसली. आणि चांदणीनं तिच्याकडं पाठ केली.

तिनं पुन्हा बघितलं. चांदणी आणखी काळवंडली आणि बायजाच्या पत्र्याकडं हातभर सरकली.

तलाठ्यांनी घसा खाकरला. "ओळख पटत नाही असं दिसतंय. तिच्या दृष्टीनं ही परकी नजर. जुना डोळा असता तर गोष्ट वेगळी."

"डाव्याला दिसंना, आन् उजवा जुना डॉक्टरीणबाईंपाशी ऱ्हायला," ठकूबाई म्हणाली.

"मग घ्या माझ्या नावावर," बायजा म्हणाली. "वेळ जातोय, भाऊसाहेब. मला भाकऱ्या टाकायच्यात."

ठकूबाईनं कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं. नवा डोळा म्हंजे घरात नवी सून आली की गं! ही अशी उंबरा वलांडून थेट सासूच्या तोंडाकडं बघत सुटल्यावर सासू तोंड फिरवील न्हाईतर काय करील? सूनमुख कुठं झालंय अजून? सगुणे, आरसा आण. भाऊसाहेब, साखरंची वाटी धरा."

"हे माझ्या कामात येत नाही."

"वाटी तर धरता येती न्हवं?"

तलाठ्यांनी वाटी धरली. ठकूबाई टेकडीकडं पाठ करून पाटावर बसली. सगुणानं डोळे घट्ट मिटून आरसा तिच्यासमोर उंच धरला, कारण रीत ती रीत. ठकूबाईनं डोक्यावर पदर घेतला, नजर खाली ठेवली आणि हळूहळू आरशात उजवा डोळा उचलला. खांद्यावरून मागची चांदणी आरशात आली. सासूनं नव्या सुनेचं तोंड आरशात बघावं तसं चांदणीनं त्या डोळ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. कुणी हललं नाही.

मग चांदणी पत्र्यावरून मागं आली, आपल्या जागी बसली आणि अशी पेटली की तलाठ्यांच्या वाटीतली साखर दाणादाणा दिसायला लागली.

"सरळ झाली," तलाठी म्हणाले. "माझं काम झालं."

"थांबा," ठकूबाई म्हणाली. ती वळून उभी राहिली होती आणि आता उघड उघड वर बघत होती. "तिच्या कुशीला काय हाय ते?"

तलाठ्यांनी बघितलं, बायजानंही बघितलं. चांदणीला लागून मोहरीएवढी दुसरी एक चांदणी होती.

"ही कुणाच्याच नावावर नाही," तलाठी म्हणाले.

"तिचीच हाय. मया बघा की."

बायजा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "आत्या, आता घुगऱ्या कराव्या लागतील. हरभरं भिजत घालू का माझ्याकडचं?"

"घाल. आणि पाळणा तूच म्हण. तुझा गळा बरा हाय."

ठकूबाईनं सुनेच्या हातातला आरसा काढून घेतला. "सगुणे, डोळं उघड. थोरली माझी, धाकटी तुझी. बघ वर."

सगुणानं मान वर केली. तेव्हापासून त्या एका घरावर दोन चांदण्या राहतात, अंगणात दोघी बायका शेजारी शेजारी उभ्या राहतात, आणि म्हैस सुखानं रवंथ करते.