आतून पाह्यलं का?

४ फेब्रुवारी. सकाळी दारात मटार सोलत बसले होते.

आमच्या मजल्यावरच्या भास्करभाऊंना मी कधी द्राक्षं विकत घेताना पाहिलेलं नाही. ते फक्त तपासतात. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये घड तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्त झाले तरी ती बारीक कात्री खिशातच असते. गाडीवरचा घड उचलतात, बोटांनी फाकवतात, आतला एखादा कुजका मणी खटकन कापून गाडीवाल्याच्या हातावर ठेवतात. "वरून समदे घड चांगलेच. आतून पाह्यलं का?"

वर्षभर हाच प्रश्न ते माझ्या आतड्याबद्दल विचारत होते. पन्नाशी झाली, दुर्बिणीने मोठं आतडं बघून घ्या. कॅन्सरच्या आधी तिथे बारीक कोंब येतो, तो तिथल्या तिथे काढता येतो. मी म्हणायचे, मला काही त्रास नाही, उगाच नळी कशाला? शिवाय धोका असतोच. धोका थोडा असतो, हे तेही मान्य करायचे. डॉक्टरांना विचारून आले होते. "पण तरास होईपर्यंत थांबलं ना ताई, मग एका मण्यावर भागत नाय."

बिल्डिंगमध्ये आम्ही सगळ्या त्यांना हसायचो.

त्या सकाळी ते समोर उभे राहिले, हातात जुलाबाच्या औषधाची दोन लिटरची बाटली. दुसऱ्या दिवशी त्यांचीच तपासणी होती. तिसऱ्यांदा. आधी दोनदा हे सगळं पिऊन, उपाशीपोटी रिक्षाने गेले आणि तसेच परत आले. गुंगीचं इंजेक्शन देतात, सोबत माणूस लागतो, आणि हे एकटेच. मुलगा पुण्यात, त्याला कळवलंच नव्हतं.

इतकी घाई कशाची, म्हणून विचारलं.

बाटलीकडे बघत म्हणाले, "सुमनला रक्त जायचं. मूळव्याधच हाय म्हणून वर्षभर मीच मलम आणून दिलं. जगाचे घड फाकवले, घरचा वरूनच पास केला."

मांडीवरचं ताट घसरलं, मटार जिन्यापर्यंत गेले. आठ वर्षं शेजारी राहते. सुमनवहिनी कशाने गेल्या, हे मी कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही एवढंच विचारलं, किती वाजता निघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी होते. गुंगी उतरताना डोळे मिटूनच म्हणाले, "किती मणी?"

दोन, मी सांगितलं. काढले, तपासायला पाठवलेत. बाकी स्वच्छ आहे.

मग काउंटरवर जाऊन माझ्यासाठी तारीख घेतली. सोबत कोण येणार, तिथल्या बाईने विचारलं. ह्यांचं नाव ओठांवर आलं होतं. लिहिलं भास्करभाऊंचं.