दहा गिअरचं वऱ्हाड

एका जंगलात, मुलांनो, धड रस्ता नव्हता तेव्हापासून गाडी होती. गाडी राजाची होती. राजा वाघ होता, आणि राजाला गाडी असावी लागते हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेलच.

गाडी लाकडी आणि लांबलचक होती. तिला एका वेळी एकच जनावर जुंपत. बाकीची मागे गाडीतच बसून येत. निघताना आणि चढावर गवा ओढायचा. तो हळू चालायचा, पण दमदार होता. सपाटी लागली की गवा वर चढून बसायचा आणि नीलगाय खाली उतरायची. मोकळा रस्ता आला की तीही वर बसायची आणि चितळ पुढे जायचं.

ओढणाऱ्याला त्या जंगलात गिअर म्हणत. गवा पहिला, नीलगाय दुसरा, चितळ तिसरा. तुम्ही विचाराल, म्हणजे बसलेल्या गव्याला चितळ ओढायचं? हो. याला सुधारणा म्हणतात.

कोणता गिअर कधी घालायचा ते शिदू नावाचा वानर ठरवायचा. तो पुढे बसून दोरी ओढायचा आणि ओरडायचा. दर वेळी गाडीला हिसका बसायचा. राजाच्या हातात दुधाचा पेला असायचा. थोडं दूध मिशांवर सांडायचं. राजा मिशा चाटायचा आणि गाडी पुढे जायची. असं बरीच वर्षं चाललं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मग एकदा नदीपलीकडच्या जंगलाचा राजा पाहुणा म्हणून आला. त्याच्यासमोरच दूध सांडलं. पाहुणा हळूच म्हणाला, आमच्याकडे वानर नसतो. आमची गाडी ऑटोमॅटिक आहे. गिअर आपले आपण बदलतात. आणि चार आहेत.

राजाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्यानं उदाजीरावांना बोलावलं. उदाजीराव हे उदमांजर होते. ते दूरच्या जंगलांत राहून शिकून आले होते, आणि काय शिकले हे कुणाला कळत नसल्यामुळे त्यांना फार मान होता. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि दोष शोधून काढला. दोष शिदूत होता.

शिदूला शाल आणि नारळ देऊन झाडावर पाठवण्यात आलं. त्याच्या जागी एक नियम बसवला. ओढणाऱ्याला ओझं फार वाटलं तर त्यानं ‘जड जातंय’ म्हणायचं. मग त्याच्याहून दमदार गिअर खाली येईल. ओझं फारसं वाटलं नाही तर ‘हलकं जातंय’ म्हणायचं. मग त्याच्याहून चपळ गिअर खाली येईल. एक सुटून दुसरा जुंपला जाईपर्यंत गाडीनं धीर धरायचा. हिसका नाही, ओरडा नाही.

सांबर घालून गिअर चार केले. राजानं दूध प्यायलं. एक थेंब सांडला नाही.

पण पलीकडच्या राजानं सहा केले. मग आपण आठ केले. मग त्यानं नऊ केले. उदाजीराव म्हणाले, काळजी नको, दोन गिअरांच्या मधे नेहमीच आणखी एक गिअर बसतो. हे खरं होतं. अडचण एवढीच होती की जंगलातली जनावरं संपत आली होती. शेवटी त्यांनी दोन जुळी भेकरं आणली. एकाला पोटभर चारलं, तो सहावा गिअर. दुसऱ्याला उपाशी ठेवलं, तो सातवा. दहावा गिअर ससा होता. त्याला लागेल इतका लांब सपाट रस्ता जंगलात नव्हता, त्यामुळे तो आजवर खाली उतरलाच नव्हता. पण मोजताना त्याला मोजत.

आता सर्जाची गोष्ट.

सर्जा हा तरुण मुंगूस होता. स्वभावानं गरीब. चिंचखिंडीच्या घाटापलीकडे बोरबन नावाची वस्ती होती, तिथल्या सगुणावर त्याचा जीव होता. बोरांच्या दिवसांत तो खिंड ओलांडून जायचा आणि ती त्याच्यासाठी पिकलेली बोरं बाजूला काढून ठेवायची. त्याला आईबाप नव्हते. कोंडाआत्यानं त्याला वाढवलं होतं, आणि लग्नही तिनंच ठरवलं.

सगुणाचे वडील तात्या हे शिस्तीचे होते. त्यांनी गोरज मुहूर्त काढला आणि चारचौघांत सांगून ठेवलं की सूर्य डोंगराआड जाईपर्यंत नवरा मांडवात हवा. नसला तर शेजारचा दौलत अंघोळ करून बसलेलाच आहे. पोरगी काही बोहल्यावरून परत न्यायची नाही.

ही बातमी राजाच्या कानावर गेली. बोरबन नदीला लागून होतं. तिथून पलीकडच्या जंगलाला सगळं दिसायचं. राजानं सर्जाच्या लग्नाला दहा गिअरची गाडी देऊ केली.

सर्जा आत्याला म्हणाला की आपण पायीच जाऊ, मला वाट पाठ आहे.

“तुला वाट कशी पाठ?” आत्यानं विचारलं.

सर्जा शेपटीवरची धूळ झटकू लागला.

“नवरदेव पायी गेला तर लोक काय म्हणतील? म्हणतील, पोरीला खायला तरी घालतो का हा. राजानं गाडी दिलीय. गुमान बस.”

दुपारी गाडी निघाली. नऊ गिअर गाडीत बसल्यामुळे वऱ्हाडाला फारशी जागा उरली नाही. नवरदेव, आत्या आणि उदाजीराव एवढेच मावले. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशीच्या पूजेला बोलवायचं ठरलं. उदाजीरावांच्या हातात काठोकाठ भरलेला दुधाचा पेला होता. तो तसाच भरलेला बोरबनला पोचवायचा आणि सगळ्यांना दाखवायचा, असा राजाचा हुकूम होता.

घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडी सुरेख गेली. पहिला चढ गव्यानं ओढला, पुढचे बाकीच्यांनी ओढले. मग खिंडीच्या खालचं वळण आलं.

हे वळण, मुलांनो, धड चढाचं नव्हतं आणि धड सपाट नव्हतं. तिथे सहावा गिअर, म्हणजे पोट भरलेलं भेकर, गाडी ओढत होतं. दोन पावलं गेल्यावर ते म्हणालं, हलकं जातंय. झालं. त्याला सोडलं आणि उपाशी भावाला जुंपलं. तेवढ्यात गाडी दोन पावलं मागे सरकली. अगदी अलगद, पेल्यातल्या दुधाला कळणार नाही इतकी. उपाशी भेकरानं दोन पावलं ओढली आणि म्हणालं, जड जातंय. त्याला सोडलं, पहिल्याला जुंपलं. गाडी दोन पावलं मागे.

कुणाचीच चूक नव्हती. सहाव्याला खरंच हलकं जात होतं आणि सातव्याला खरंच जड जात होतं. दोघं एकमेकांना वाट देताना मान लववत होते. उदाजीराव पेल्याकडे बघत होते आणि खूष होते.

समोरून एक गोगलगाय आली. ती नवरीकडची पाहुणी होती. तिला दुसऱ्या दिवशीच्या पूजेचं आवतण होतं, म्हणून ती बरीच आधी निघाली होती. गाडीच्या पुढच्या टोकाशी आल्यावर तिनं रामराम घातला. मागच्या टोकाशी पोचली तेव्हा गाडी तिथेच होती.

“तुम्ही नवरदेव ना?” ती सर्जाला म्हणाली. “तुमचं लग्न आज नाही का?”

“आजच आहे,” सर्जा म्हणाला.

“मग बरोबर आहे. मला वाटलं माझाच दिवस चुकला.” आणि ती उताराला लागली.

सर्जानं वर पाहिलं. खिंड दिसत होती. पळत गेलं तर थोड्या वेळात गाठता आली असती. सूर्य डोंगराच्या खांद्यावर टेकला होता. तो उदाजीरावांकडे वळला. मोठ्या माणसांशी बोलताना त्याचा आवाज बसायचा.

“उदाजीराव, मी उतरून पुढे जाऊ का?”

“चालत्या गाडीतून उतरू नये,” उदाजीराव म्हणाले.

“पण गाडी थांबलीय.”

“थांबलेली नाही. बदलतेय.”

“बस रे खाली,” आत्या म्हणाली. “एवढी मऊ गाडी तुझ्या आज्यानं तरी पाहिली होती का? आणि राजाची गाडी टाकून गेलास तर उद्या जंगलात राहायचंय आपल्याला.”

सर्जा बसला. सहावा गेला, सातवा आला. सातवा गेला, सहावा आला.

सूर्य डोंगराआड गेला. थोड्या वेळानं खिंडीपलीकडच्या दरीतून मंगलाष्टकं ऐकू आली. सर्जाला वाटलं, आपली वाट बघता बघता सराव करत असतील. मग ‘सावधान’ ऐकू आलं. मग ताशा वाजला. सराव करताना ताशा वाजवत नाहीत, हे त्याला माहीत होतं.

गाडी शेवटी कशी निघाली तेही सांगतो. आपली पाळी नसताना उपाशी भेकर रस्त्याकडेचं गवत खात होतं. आणि पोट भरलेल्या भेकराचं ओढून ओढून पोट रिकामं झालं होतं. त्यामुळे सहावाच एकदा म्हणाला, जड जातंय. मग नियमाप्रमाणे पाचव्याला उठवावं लागलं. पाचवा रानडुक्कर होता. तो गाढ झोपला होता. झोपमोड झाल्यामुळे तो इतका चिडला की कुणाचं काही न ऐकता गाडी घेऊन थेट खिंडीपार गेला.

बोरबनला गाडी पोचली तेव्हा सगळी वस्ती धावत आली. उदाजीरावांनी पेला उंच धरला. दूध काठोकाठ होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नदीपलीकडून कुणीतरी टक लावून बघत होतं. तात्या पुढे आले, सर्जाला म्हणाले की वेळ झाला, आमचा नाइलाज होता, आणि लगेच आवाज बदलून विचारलं की गिअर किती आहेत.

सगुणा हळदीच्या अंगानं दौलतशेजारी उभी होती. सर्जा जवळ गेला तशी ती हळू म्हणाली, “पायी आला असतास तर?”

“गाडी बदलत होती,” सर्जा म्हणाला.

तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं. पायांना जराही धूळ लागलेली नव्हती.

गाडी आलीच आहे म्हणून दौलतची वरात तिच्यातूनच काढली. बोरबनचा रस्ता सपाट होता, त्यामुळे गाडी झकास पळाली. आत्याही वरातीत बसली. ती म्हणाली, आलोच आहोत तर.

सर्जा पायी निघाला. खिंड ओलांडून वरात संपायच्या आत तो घरी पोचला. वाटेत त्याला गोगलगाय भेटली. पूजा आता होणार नाही हे तिला सांगायचं त्याच्या जिवावर आलं. तो बाजूनं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उदाजीरावांनी राजाला सगळं सांगितलं. प्रवास यशस्वी. हिसका एकही नाही. दूध जसंच्या तसं. लग्नाचं राजानं विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

पलीकडच्या राजानं लवकरच बारा गिअर केले. आपणही बारा केले. मग घाटात फार वेळ जातो अशी कुरबुर कानावर आली, तेव्हा उदाजीरावांनी पुष्कळ विचार करून नवा शोध लावला. बारापैकी नऊ गिअरांनी खाली उतरायचंच नाही. पहिल्यावरून एकदम पाचव्यावर जायचं, पाचव्यावरून एकदम नवव्यावर. असं इतक्या गिअरांना गाळणारी गाडी कुठल्याच जंगलात नव्हती. या शोधाबद्दल त्यांना सोन्याचं कडं मिळालं. शिदूला बोलावून पुन्हा पुढे बसवलं आणि त्याच्या हातात दोरी दिली. दोरी कशालाच बांधलेली नव्हती, पण राजाला ती बघून जुन्या दिवसांची आठवण यायची.

पुढच्या वर्षी सर्जाला दुसरं स्थळ आलं. या वेळी त्यानं आत्याचं ऐकलं नाही. तो पायी गेला आणि सकाळी सकाळी, अजून सडा घालत होते तेव्हाच, दारात उभा राहिला. मुलीच्या बापानं त्याच्या धुळीच्या पायांकडे पाहिलं. मग त्याच्या मागे, लांब रस्त्यावर पाहिलं.

“गाडी मागून येतेय का?”

“नाही. मीच आलोय.”

“ते दिसतंय,” मुलीचा बाप म्हणाला. त्यानं सर्जाला पाणी दिलं, गूळ दिला आणि स्थळ मोडलं. नंतर तो शेजाऱ्यांना सांगत होता की ज्याची गाडी उशिरा येते, त्याच्याकडे गाडी आहे एवढं तरी कळतं. हा तर वेळेवरच आला.

तात्पर्य : मुलांनो, पोचणं हे पायांचं काम आहे, आणि पायांना कुणी मुलगी देत नाही. म्हणून नेहमी गाडीतच बसावं. गाडी जागची हलेना तर ती बदलतेय असं म्हणावं. आणि खाली दरीत आपल्याच लग्नाचा ताशा वाजू लागला, तर हातातला पेला जरा घट्ट धरावा.