उशाकडची फळी

थोरली गाय रवंथ करत बसली होती. तिच्या नाकापाशी टेपचं एक टोक धरून पलंगवाला उकिडवा बसला होता आणि दुसरं टोक शेपटीपाशी धरून त्याची बायको तोंड फिरवून उभी होती. तोंड का फिरवलं होतं, हे गायीच्या शेपटीपाशी जो कधी उभा राहिलाय त्याला सांगायला नको. तिने आकडा सांगितला आणि आता उरका म्हणाली. पलंगवाल्याने त्यात चार बोटं मिळवली आणि आकडा तळहातावर लिहून ठेवला.

चार बोटं मिळवणं ही जुन्या धंद्यातली सवय. घरचा गोठा सांभाळायला परत येण्याआधी या गड्याने दहा वर्षं पलंग बनवले होते. गिऱ्हाईक किती लांब ते बघायचं, वर चार बोटं धरायची, उशाकडे छान फळी बसवायची. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नव्हती. पुढे वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून धंदा आवरून तो घरी आला. पण पलंगवाला हे नाव काही त्याला सोडून गेलं नाही. आबासुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायचे, आणि त्यात कौतुक कमी असायचं.

आबांनी चाळीस वर्षं गायी दाव्याला बांधून राखल्या होत्या. वीस गायी ओल्या फरशीवर एका रांगेत उभ्या. पायांना घट्टे, कासेला शेण. धार काढण्याआधी सुनेचा तासभर नुसती कास धुण्यात जायचा. ते पाहून पलंगवाल्याचा जीव तुटला. त्याने ठरवलं की प्रत्येक गायीला स्वतःचा खण द्यायचा. दोन रांगा, तोंडाला तोंड करून दहा-दहा खण, मध्ये लोखंडी नळ्यांचे कठडे, खाली रबरी गादी, वर लाकडाचा भुसा. शेण पडेल ते मागच्या वाटेवर, गादी स्वच्छ. आणि दावं नाही. गायीने मनाला येईल तेव्हा यावं, बसावं, उठावं.

आबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की बसल्यावर चहाही न्यायचा का. पण सून नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली तसे ते थोडे विरघळले.

“खण झाले की आठ दिवस देतो,” ते म्हणाले. “दावी सोडलीस की त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी मी मोजणार. वीसच्या वीस गायी खणात बसलेल्या दिसल्या पाहिजेत. एक जरी उभी दिसली, तर दावी परत.”

पलंगवाल्याने जीव ओतून काम केलं. खण तर झालेच, पण दोन रांगांच्या मध्ये, प्रत्येक गायीच्या तोंडासमोर, त्याने गुळगुळीत तासलेली छातीइतकी उंच फळी बसवली. फळीवर एक-एक फूलही कोरलं. उशाकडे फळी नसलेला पलंग त्याच्या हातून आजवर बाहेर पडला नव्हता, मग गायींनीच काय घोडं मारलं होतं?

काम पुरं झालं आणि एका रविवारी दावी सुटली. गायी खणांपर्यंत आल्या, फुलं पाहिली आणि मागच्या वाटेवर जाऊन शेणात बसल्या. काही पुढचे दोन पाय गादीवर आणि मागचे दोन वाटेवर ठेवून तशाच उभ्या राहिल्या, जणू घर पसंत आहे पण भाड्याचं बघू. आबांनी सगळी दावी खुंटीवरून काढली, तेलाचा हात फिरवला आणि परत टांगली.

सोमवारी पलंगवाल्याने भुसा दुप्पट केला. गायींनी शिंकून पाहिलं. मंगळवारी त्याने फळीपाशी पेंड ठेवली. वीसच्या वीस खणात शिरल्या, पेंड संपवली आणि उलट्या पावली बाहेर आल्या. बुधवारी त्याला वाटलं की गादीच कडक असावी. बायको धार काढत होती, तेवढ्यात त्याने घरातल्या पलंगावरची कापसाची जाड गादी उचलून आणली आणि ठेंगणीच्या खणात अंथरली. ठेंगणी ही कळपातली सगळ्यात गरीब गाय. तिला त्याने मागून ढकलत, समजावत, पुन्हा ढकलत आत घेतलं, आणि ती बसली. पलंगवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ठेंगणी उठायला गेली. पार्श्वभाग वर केला, मान पुढे फेकली आणि फळीवर आदळली. पुन्हा बसली, पुन्हा आदळली. शेवटी बिचारी गादीसकट मागे घसरत वाटेवर आली तेव्हा उठली. कापसाची गादी शेणात न्हाली होती. त्या दिवसापासून नवराबायको चटईवर झोपायला लागले आणि ठेंगणी खणाकडे पाठ करून उभी राहायला लागली. बाकीच्यांना तिने काय सांगितलं कोण जाणे, पण पेंड खायलासुद्धा आत कुणी जाईना. दूधही घटलं. आबा रोज दाव्यांना तेल लावत होते.

गुरुवारी गायींच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी खणात शिरून गुडघ्यांवर धपकन बसून पाहिलं, दुखलं नाही, तेव्हा गादी मऊ आहे असा निर्वाळा दिला. मग त्या फळीकडे आणि पलंगवाल्याकडे आळीपाळीने पाहत राहिल्या.

“तुम्ही झोपून बघितलंय का यात?” त्यांनी विचारलं.

पलंगवाला आनंदाने आडवा झाला. एकदम आरामशीर आहे, म्हणाला.

“आता उठा. माणसासारखं नाही, गायीसारखं. आधी मागचं.”

बायकोसमोर, आबांसमोर, पलंगवाल्याने गुडघे टेकले, मागची बाजू आभाळाकडे केली आणि सगळा भार पुढे टाकला. थोरलीच्या फळीवरच्या फुलाचा ठसा त्याच्या कपाळावर उठला. आबा त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले, आणि इतके हसले की त्यांना पेंडीच्या पोत्यावर बसावं लागलं.

“गायीला झोपायला नाही, उठायला जागा लागते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “डोकं पुढे टाकल्याशिवाय तिचं मागचं उचलत नाही. उठता येणार नाही हे कळलं की ती बसणारच नाही.”

पलंगवाला कपाळ चोळत म्हणाला, “म्हणजे फळी.”

“म्हणजे फळी,” बायको म्हणाली. तिला गादी आठवत होती.

शुक्रवारी त्याने वीसही फळ्या उखडल्या. प्रत्येक फूल निघताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. गायीच्या गुडघ्यांपाशी फक्त एक बुटकी पट्टी ठेवली, वरून डोकं सहज जाईल अशी. मधली जागा मोकळी होताच समोरासमोरच्या गायींनी एकमेकींना हुंगलं. संध्याकाळी ठेंगणी स्वतःहून आत गेली, बसली, उठली, खात्री झाल्यावर परत बसली. शनिवारी चौदा बसल्या. रविवारी सकाळी धारेच्या वेळी सून चकित झाली, कारण कासा कोरड्या आणि स्वच्छ होत्या.

जेवणं झाल्यावर आबा मोजायला म्हणून पुढे गेले. नवराबायको मागची भांडी आवरून गोठ्यात पोचले, तर सगळीकडे शांत रवंथ चाललेला. पलंगवाला दाराशीच थांबून मोजू लागला. एकोणीस. परत मोजलं, तरी एकोणीस. थोरली आपल्या खणाच्या तोंडाशी उभी होती, मान आत घालून. आठ दिवसांची मेहनत, वीस फुलं, एक गादी, आणि नडली ती थोरली.

“एवढी मोठी झाली, पण अक्कल नाही,” तो पुटपुटला.

तेवढ्यात थोरलीच्या खणातून आबांचा आवाज आला. “दावं आण.”

पलंगवाल्याने खुंटीकडे पाहिलं. बायकोने पुढे होऊन थोरलीच्या खांद्यावरून आत पाहिलं. भुशाच्या उबेत, एक हात डोक्याखाली घेऊन, डोळे मिटून आबा पडले होते आणि थोरली त्यांचं टक्कल मन लावून चाटत होती.

“हिला बांध कुठंतरी,” आबा डोळे न उघडता म्हणाले. “मघापासून झोपू देत नाही.”

पलंगवाल्याला आधी हसू आलं, मग भरून आलं, आणि मग दोन्ही एकदम आलं.

“आपल्यात दावी बंद झाली, आबा,” तो म्हणाला.

आबांनी कूस बदलली. “मग एकविसावा खण कर,” ते म्हणाले. “आणि माझ्या मापात चार बोटं धर.”