दुखऱ्या जागेचे हक्क

“पदर नको, पंखा नको, उशी नको. मले आता हे अंगच नको झालं बाप्पा,” गोदावरीबाई भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्या.

हाताच्या अंतरावर त्यांचे यजमान, अमरावतीचे जुने वकील कमलाकांत, पेपर वाचत होते. त्यांनी ते ऐकले. परंतु सदर वाक्य विशिष्ट व्यक्तीस उद्देशून नसल्यामुळे उत्तर देणे बंधनकारक नाही, असे ठरवून त्यांनी पान उलटले.

गोदावरीबाईंना नागीण झाली होती. नागीण गेली, पुरळ गेले, डागही फिके पडले. दुखणे मात्र डाव्या खांद्याच्या पात्याखाली मुक्कामाला राहिले. ब्लाऊजचे कापड घासले तरी निखारा ठेवल्यासारखे व्हायचे. जागाही अशी अडनिडी, की स्वतःचा हात ना वरून पोचे, ना खालून. दिवाळीनंतर अकोल्याला जुईलीचा साखरपुडा होता. जुईली बहिणीची पोर, पण चालायला शिकली ती गोदावरीबाईंचे बोट धरून. एसटीत पाठ टेकता यावी आणि कार्यात ब्लाऊज अंगावर सहन व्हावा, एवढेच त्यांचे देवाकडे आणि वैद्यकशास्त्राकडे मागणे होते.

शेजारच्या डॉक्टर श्रेयसने ‘निवांत’ नावाची पट्टी लिहून दिली. कातडीला चिकटवायची, पोटात काही जायचे नाही. ती लागली त्या दुपारी गोदावरीबाई चक्क घोरल्या. पण किंमत अशी, की औषधवाला शेखर ती सांगताना आवाज खाली घेई. मग पट्टी कात्रीने अर्धी झाली, पाव झाली, शेवटी टपाल तिकिटाएवढी झाली. निवांतपणाही त्याच मापात मिळू लागला.

अशात एके दिवशी शेखर धावतच घरी आला. “काकू, पेढे काढा! निवांतचं पेटंट संपलं. जेनेरिक आलं. औषध तेच, चिकटपणा तोच, अन् भाव पहाल तर म्हणाल, गोळ्या-बिस्किटं घेऊन राहिलो का काय!”

गोदावरीबाईंनी पाकीट फोडले आणि नवऱ्याकडे पाठ केली. वकीलसाहेबांनी मात्र आधी चष्मा लावला आणि आतली माहितीपत्रिका उलगडली. या घरात साबणाचे वेष्टन वाचल्याशिवाय अंघोळ होत नसे.

“थांब,” ते म्हणाले. “यात स्पष्ट लिहिलंय. ‘ही पट्टी दुखत नसलेल्या जागी लावावी.’”

शेखरने घसा साफ केला. “ते आहे थोडंसं. औषधाचं पेटंट संपलं, पण कंपनीनं त्याच्या आधीच दुसरं घेऊन ठेवलं. ‘दुखऱ्या जागी पट्टी लावण्याची पद्धत.’ ते अजून चालू आहे. म्हणून जेनेरिकवाल्याले पट्टी विकता येते, फक्त जागा दुसरी सांगा लागते.”

“म्हंजे माही पाठ आता कंपनीची?”

“पाठ तुमचीच काकू. दुखते तेवढी त्यांची.”

कमलाकांतांचे डोळे चमकले. हयातभर त्यांनी शेतांच्या धुऱ्याचे, म्हणजे बांधाचे, आणि कुंपणाचे दावे लढवले होते. पण हद्दीचा असा नाजूक प्रश्न स्वतःच्या बायकोच्या पाठीवर उपस्थित होईल, असे त्यांना स्वप्नातही वाटले नव्हते. त्यांनी पट्टी उजव्या बाजूला, एकही बुडबुडा न राहू देता, प्रेमाने लावली. उजवी बाजू आधीच सुखात होती, ती आणखी सुखात गेली. डावी जळत राहिली.

दुपारी गोदावरीबाईंनी शेजारच्या गंगूबाईंना हळूच विचारून पाहिले. “जरा डावीकडं सरकवून देतेस का वं?”

“वकिलाच्या घरात बेकायदा काम?” गंगूबाई उंबऱ्यावरच थबकल्या. “नको वं बाई. उद्या माह्याच हातात बेड्या.”

मग डॉक्टर श्रेयसला विचारले. “काकू, वैद्यकीयदृष्ट्या पाहिलं तर…” इतके बोलून तो थांबला. पंख्याकडे पाहिले. “लेखी नाही देता येणार. जवळपास लावा.”

पण जवळपास म्हणजे किती? पत्रिकेत व्याख्या नव्हती. फूटपट्टी घेऊन बायकोच्या मागे उभे राहिलेल्या कमलाकांतांना हे अत्यंत गैर वाटले. त्यांनी जेनेरिक पट्टीवाल्यांना सविस्तर पत्र लिहून ‘जवळपास’चा खुलासा मागितला आणि, सवयच तशी, त्याची एक प्रत माहितीस्तव मूळ कंपनीलाही पाठवली.

मूळ कंपनी आभारी झाली. जवळपास ही कल्पना तिच्या ध्यानातच आली नव्हती. तिने तातडीने जवळपासवरही हक्क सांगितला. जेनेरिकवाले घाबरले आणि पुढच्या खेपेच्या पाकिटात सुधारित सूचना आली: ‘ही पट्टी कोणतेही दुखणे नसलेल्या व्यक्तीस लावावी, शक्यतो रुग्णाच्या निकटच्या नातेवाइकास.’

“मग मी लावतो,” कमलाकांत लगेच म्हणाले. खरे सांगायचे तर त्यांनी ते मनापासून म्हटले. लग्नात सप्तपदीच्या वेळीही त्यांचा चेहरा इतका गंभीर झाला नव्हता. तेव्हापासून रोज सकाळी ते बनियान वर करून बसत आणि गोदावरीबाई त्यांच्या धडधाकट पाठीवर पट्टी चिकटवीत.

“काही फरक?” ते विचारत.

“काही नाही.”

“कायद्यानं आलेला गुण सावकाश येतो, गोदे. पण टिकतो.”

बघता बघता ही पद्धत गावात रुळली. सुनेची मान धरली की सासू पट्टी लावून बसू लागली आणि सेवा केल्याचे समाधान साऱ्या घराला मिळू लागले. नांदगाव पेठेतल्या एका कारखान्याने म्हणे सगळ्या कामगारांच्या कंबरदुखीसाठी एकट्या मॅनेजरला पट्ट्या लावल्या आणि उत्तम आरोग्य योजनेचे बक्षीस पटकावले. डॉक्टर श्रेयसही केसपेपरवर लिहू लागला: ‘रुग्ण तसाच. नातेवाईक सुधारतो आहे.’

साखरपुडा तोंडावर आला तसे कमलाकांत अस्वस्थ झाले. कायद्यात सवलतीची वाट असतेच, या श्रद्धेने ते एकटेच अकोल्याला गेले. मूळ कंपनीचा शंकानिरसन कक्ष तिथे चौथ्या मजल्यावर होता आणि लिफ्टवर ‘देखभाल चालू’ अशी जुनाट पाटी होती. वर गेल्यावर कळले, की एका दिवसापुरती दुखऱ्या जागेची परवानगी मिळू शकते. त्यासाठी रुग्णाने स्वतः जिना चढून यावे. चढता आले नाही तर गैरहजर समजतील. चढता आले तर दुखणे तितकेसे नाही, असे समजतील.

“मी म्हटलं, हे अन्यायाचं आहे,” घरी आल्यावर पाय बादलीत बुडवून ते सांगत होते. “तर म्हणाले, अर्ज विचाराधीन ठेवतो. चांगली माणसं आहेत.” त्यांचा गुडघा टम्म सुजला होता. झोपेतही ते कण्हत होते.

साखरपुड्याच्या सकाळी मात्र कमलाकांत गुणगुणत उठले, दूध घेऊन आले, चहाही त्यांनीच टाकला. गोदावरीबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. ब्लाऊजचे दोनच हुक लावून त्यांनी हात खाली टाकले आणि साडी तशीच पांघरून घेतली.

“तुमीच जा,” त्या म्हणाल्या. “जुईलीले सांगा, मावशीचा जीव तुह्याकडंच आहे. नुसती पाठ घरी ठेवता येत नाही न.”

दोघांना बसस्टँडवर सोडायला श्रेयस गाडी घेऊन आला होता. शेखर पट्ट्यांचा नवा डबा घेऊन दारात उभा होता. पलंगाखालची बॅग काढायला कमलाकांत झटक्यात उकिडवे बसले. पायजमा वर सरकला. गुडघ्यावर पट्टी होती. मधोमध, एकही बुडबुडा नसलेली.

“हे काय?”

“तुझीच आहे,” कमलाकांत चाचरले. “म्हणजे तुझ्याकरताच लावली. मी फक्त… जागा बदलली.”

“दुखत होता न गुडघा?”

“किंचित.”

“अन् आता?”

“आता… नाही.”

शेखर घाईघाईने डबा ठेवायला वाकला. त्याचा शर्ट मागून वर चढला; कमरेवर पट्टी होती. श्रेयसने नजर टाळायला मान वळवली, तर कॉलरच्या आतून तिसरी पट्टी डोकावली.

गोदावरीबाईंनी तिघांकडे आळीपाळीने पाहिले. मग डब्यातून एक पट्टी काढली, तिचा कागद सोलला, कमलाकांतांच्या हातात दिली आणि पाठ फिरवली.

“लावा. डावीकडं. दुखते तिथंच.”

“गोदे, पण अर्ज अजून विचाराधीन…”

“काकू, तसं पाहिलं तर…” शेखर म्हणाला.

“वैद्यकीयदृष्ट्या…” श्रेयस म्हणाला.

“चूप बसा तिघंही,” गोदावरीबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या. “मले दुखत होतं तवा तो कायदा होता. तुमाले दुखलं, तशी ती नुसती पट्टी झाली.”