दामल्यांच्या गॅरेजमधली अमेरिका

गेल्या रविवारी दुपारी लंडनमध्ये, हॅरोतल्या एका गॅरेजमध्ये अमेरिकन मालगाडी साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहिली. इंजिनात बिघाड नव्हता. पुढचा मार्ग मोकळा होता. गाडी सोडायची परवानगी देणारी व्यक्ती ग्लासगोमध्ये बाळाला झोपवत होती.

गॅरेज दामलेकाकांचं. काका माझे शेजारी, कौन्सिलच्या अकाउंट्समधून रिटायर झालेले. अमेरिकेला ते कधी गेलेले नाहीत. पण गॅरेजमध्ये कमरेएवढ्या उंच फळ्यांवर त्यांनी वाफेची इंजिनं जाऊन डिझेल येत होतं त्या काळातली अमेरिका वसवली आहे, खेळण्यातल्या रेल्वेची. डोंगर, लाकडी पूल, पाण्याची टाकी आणि एकेरी रूळ. काळं, अवजड वाफेचं इंजिन माल ओढतं. लाल-चंदेरी नाकाचं डिझेल पॅसेंजर नेतं. त्याला काका ‘जावई’ म्हणतात. “दिसायला स्मार्ट, आवाज मोठा, आणि आला की घरातली जुनी माणसं रिटायर!”

एकेरी रुळावर गाड्या आपटू नयेत म्हणून त्या काळी तिकडे डिस्पॅचर फोनवरून ऑर्डर द्यायचा. ऐकणाऱ्याने ती शब्दन् शब्द परत म्हणायची. डिस्पॅचर ‘बरोबर’ म्हणाला की मगच गाडी सुटायची. काका हा नियम पाळतात. त्यांच्या डिस्पॅचर सुमनकाकू. पोळ्या लाटता लाटता त्या किचनमधून इंटरकॉमवर ऑर्डर देत.

नात झाली तेव्हा काकू मुलीकडे ग्लासगोला गेल्या. मुलगी डॉक्टर, ड्यूट्या वेड्यावाकड्या. “तुम्हीही चला,” काकू म्हणाल्या होत्या. “गॅरेज कोण बघणार?” काका म्हणाले. काकूंचा मुक्काम वाढत गेला. आता ऑर्डर मोबाइलवर येते, बाळाच्या सोयीने. तोवर काका स्टुलावर बसून असतात. हीटर लावत नाहीत. “एका माणसासाठी कशाला?” जेवलात का विचारलं तर “स्टेशनवर खाल्लं” म्हणतात. स्टेशन फळीवरचं, खाणं बिस्किटांचं.

“काका, सोडा ना तुम्हीच गाडी. कोण बघतंय?” मी म्हणालो.

“स्वतःच ऑर्डर द्यायची, स्वतःच ऐकायची? त्याला रेल्वे नाही म्हणत. त्यासाठी डॉक्टरकडे जातात.”

एकदा डिस्पॅचरचं काम मी केलं होतं. दोन्ही गाड्या पुलावर समोरासमोर आल्या. मला त्याच दुपारी काढून टाकण्यात आलं.

रविवारी शेवटी फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

“मालगाडी टाकीपर्यंत न्या,” काकू म्हणाल्या.

“मालगाडी टाकीपर्यंत न्या,” काका म्हणाले.

‘बरोबर’ आलं नाही.

“ऑर्डर संपली नाहीये. ही नर्सरीत जाईपर्यंत मी इथेच आहे. तुम्ही इकडे या. मला तुमच्याशिवाय करमत नाही. हं, म्हणा.”

काकांनी माझ्याकडे बघितलं.

“अहो, रिपीट करा. नियम तुमचाच आहे.”

“इथे शेजारी उभा आहे, सुमन.”

“असू दे. त्याला काढून टाकलंय ना?”

मी डोंगराकडे बघायला लागलो. काकांनी घसा साफ केला.

“ती नर्सरीत जाईपर्यंत तू तिथेच आहेस. मी तिकडे येतो. मला तुझ्याशिवाय करमत नाही.”

पलीकडून बाळाचा आवाज आला.

“बरोबर,” काकू म्हणाल्या.

मालगाडी टाकीपर्यंत गेली. मंगळवारी सकाळी काका एक सूटकेस घेऊन, ग्लासगोची गाडी पकडायला, मेट्रोपॉलिटन लाइनने युस्टनकडे गेले. गॅरेजला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे.